शेवटच्या दोन महिन्यांची मजुरी

“जड उचलू नकोस, पाय उंच ठेवून पडत जा, दुपारी दोन तास झोप घे.” आठवा महिना लागलेल्या बाईला दवाखान्यात हा सल्ला मिळतो. सल्ला शास्त्राला धरून आहे, देणाऱ्याचा हेतूही चांगला आहे. भाईंदर पूर्वेच्या चाळीतून आलेली बाई तो मान डोलावून ऐकते, लोहाच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाकते आणि दवाखान्यातून थेट कामावर जाते. सल्ला तिला पटलेला नाही असे मुळीच नाही. पण दुपारची दोन तासांची झोप म्हणजे दोन घरांची भांडी, आणि जड न उचलणे म्हणजे कारखान्यातून घरी बसणे, हा हिशेब तिला डॉक्टरपेक्षा चांगला कळतो. गरोदरपणातील विश्रांती ही वैद्यकीय बाब आहे असे सारे मानतात. ती मजुरीचीही बाब आहे, हे मात्र कष्टकरी बाईखेरीज फारसे कोणी बोलत नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत स्त्रीच्या शरीरात काय घडत असते, हे कामगार चळवळीतल्या पुरुषांनीही नीट समजून घेतले पाहिजे. शरीरातील रक्ताचे प्रमाण या काळात चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढलेले असते आणि ते सारे खेळते ठेवण्याचे काम त्याच एका हृदयाला करावे लागते. वाढलेले गर्भाशय फासळ्यांपर्यंत पोचून फुप्फुसांखालचा पडदा वर ढकलते. म्हणून दोन जिने चढताच धाप लागते. खाली मूत्राशयावर दाब येतो, त्यामुळे रात्रीत चार वेळा उठावे लागते. पुढच्या भाराने कंबर आत वळते आणि पाठ सतत दुखते. पायांतून वर परतणारे रक्त अडते, म्हणून संध्याकाळी घोटे सुजतात आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. छातीत जळजळ, अपुरी झोप आणि बाळाचे हलणे या सगळ्यांतून सकाळ होते, आणि सकाळी पुन्हा पाण्याचा हंडा समोर असतो.

हे सारे निरोगी बाईचे वर्णन झाले. आपल्याकडच्या बाईची सुरुवात मुळातच कमी रक्तावर होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी होत्या. महाराष्ट्रात हे प्रमाण ४६ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे औद्योगिकदृष्ट्या पुढारलेल्या या राज्यात जवळजवळ प्रत्येक दुसरी गरोदर स्त्री कमी रक्ताने दोन जिवांचे काम रेटते. तिच्या थकव्याला नाजूकपणा म्हणणे हा अडाणीपणा आहे. आणि ज्याला तिच्याकडून काम करून घ्यायचे आहे त्याने तसे म्हणणे ही लबाडी आहे.

या त्रासावर उपाय आहेत आणि ते साधे आहेत. डाव्या कुशीवर निजले म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडत नाही. पाय उशीवर ठेवून पडल्याने सूज उतरते. एका वेळी पोटभर न जेवता थोडेथोडे पण अनेकदा खाल्ले तर जळजळ कमी होते. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. लघवी रोखून धरू नये, कारण त्याने मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो आणि अशा संसर्गातून अकाली प्रसूतीही ओढवू शकते. एकाच जागी तासन् तास उभे राहू नये. आता या उपायांची यादी पुन्हा वाचावी. पडायला जागा हवी, खायला दिवसातून पाचसहा वेळा काहीतरी हवे, जवळ स्वच्छ संडास हवा, बसायला स्टूल हवे आणि या सगळ्यांसाठी वेळ हवा. यातील एकही वस्तू औषधाच्या दुकानात मिळत नाही. त्यांचा संबंध घराशी, नगरपालिकेशी, मालकाशी आणि मजुरीशी आहे.

मीरा-भाईंदरमध्ये हा संबंध फार स्पष्ट दिसतो. खाडी, मिठागरे, आगरी वस्त्या आणि उत्तन-पालीचे कोळीवाडे असा हा एके काळचा गावपट्टा. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. मुंबईत घर परवडत नाही म्हणून लोक येथे आले, आणि त्यांच्या मागोमाग कामेही आली. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी घडवणारे व घासूनपुसून चकचकीत करणारे छोटे कारखाने आहेत. मीरा रोडच्या उंच इमारतींत धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका आहेत. घरबसल्या मणी ओवणाऱ्या, कपड्यांचे धागे कापणाऱ्या, नगावर पैसे मिळवणाऱ्या बायका आहेत. बांधकामावर घमेली वाहणाऱ्या, पहाटे रस्ते झाडणाऱ्या, उत्तनहून मासळीची पाटी घेऊन बाजार गाठणाऱ्या, आणि सकाळी भाईंदरला गाडी पकडून अंधेरी-दादरच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायका आहेत. या सगळ्यांना दिवस जातात आणि या सगळ्यांचे दिवस भरतात.

त्यांच्यापैकी घरकाम करणारी बाई घ्यावी. आठव्या महिन्यात ओणवे होऊन लादी पुसणे तिला जमत नाही. बाईसाहेब वाईट असतातच असे नाही. पुष्कळ ठिकाणी जुने कपडे मिळतात, शिळे का होईना खायला मिळते, “आता आराम कर गं” असे प्रेमाने सांगितलेही जाते. पण त्या आरामाचे पैसे क्वचितच मिळतात. सुट्टी हवी तर बदली बाई तिनेच आणून द्यायची, आणि बाळंतपणानंतर परत जावे तर बदलीच कायम झालेली असते. जिथे ती दिवसाचे तीन तास घालवते त्या घरातला संडास वापरण्याची तिला पुष्कळदा मुभा नसते. म्हणून ती पाणीच कमी पिते. डॉक्टरने दिलेला पाणी भरपूर पिण्याचा सल्ला असा एका बंद दाराशी येऊन थांबतो.

गाडीने जाणाऱ्या बाईचा त्रास निराळा आहे. विरारहून सुटलेली जलद गाडी भाईंदरला येते तेव्हा तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरीवली अशी पहिली महिला विशेष गाडी धावली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत नेण्यात आली. नोकरदार स्त्रियांच्या गरजेची ती दखल होती. दिव्यांगांच्या डब्यातून गरोदर स्त्रीला प्रवास करता येतो, हेही चांगले झाले. परंतु त्या डब्यातही बसायला मिळेलच याची खात्री नाही, आणि पोट उठून दिसत नसेल तर तिथे तिला जाब द्यावा लागतो. नवव्या महिन्यात तिने सकाळच्या गर्दीत मुळात का असावे, हा प्रश्न रेल्वेच्या अखत्यारीतला नाही. त्याचे उत्तर दुकानाच्या मालकाला आणि कायद्याला द्यावे लागेल.

जुन्या समाजाला ही गोष्ट कळत नव्हती असे नाही. पहिलटकरणीने सातव्या महिन्यात माहेरी जावे, डोहाळजेवण व्हावे, तिचे डोहाळे पुरवावेत, या रीतींच्या मुळाशी एक व्यवहारी शहाणपण होते. सासरी तिला जात्यावरून आणि विहिरीवरून उठू देणारे कोणी नव्हते. माहेर हीच तिची भरपगारी रजा होती. मात्र ती रजा बहुधा पहिल्या खेपेपुरती होती आणि तिचा सारा खर्च मुलीच्या बापाने सोसायचा होता. शिवाय ज्या घरी दोन वेळचे अन्न नाही त्या घरची मुलगी माहेरी जाऊनही शेतातच जात असे. आज मीरा-भाईंदरच्या कष्टकरी बाईचे माहेर कोकणात आहे, मराठवाड्यात आहे, उत्तर प्रदेशात आहे, राजस्थानात आहे. ती गेली तर धरलेली कामे सुटतात, नोंदणी एका गावी आणि बाळंतपण दुसऱ्या गावी होते, आणि मागे राहिलेल्या मोठ्या मुलाकडे पाहायला कोणी नसते. माहेरची रजा संपली. तिच्या जागी नव्या समाजाने काय उभे केले, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला कामगार चळवळीने फार पूर्वी हात घातला होता. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आपल्या पहिल्याच अधिवेशनात प्रसूतीआधी आणि नंतर मिळून बारा आठवड्यांच्या रजेचा करार संमत केला. १९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. १९२८ साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात तसेच विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला काही काळ विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, तेव्हा या खर्चाचा मोठा भाग सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकालाही त्यांनी जबाबदारीतून मोकळे केले नव्हते. १९२९ साली कायदा झाला आणि गिरणीतल्या बाईला दिवसाचे आठ आणे या दराने भत्ता मिळू लागला. देशातील या स्वरूपाचा तो पहिला कायदा होता आणि तो मुंबईत झाला, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण बाबासाहेबांच्या मांडणीतला अर्धाच भाग कायद्यात उतरला. खर्च मालकावर पडला, सरकार बाजूला राहिले. याचा परिणाम काय होतो हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखवून दिले. १९२० च्या दशकात गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. पुढच्या पन्नास वर्षांत हे प्रमाण काही टक्क्यांवर आले. त्याला रात्रपाळीवरील बंदी, यंत्रांची फेररचना अशी अनेक कारणे होती. पण बाई ठेवली की बाळंतपणाचा खर्च येतो, हा मालकांचा हिशेबही त्यांत होता. बाईच्या संरक्षणाचा कायदाच बाईला कामावर न घेण्याचे निमित्त ठरला. दोष संरक्षणाचा नव्हता. समाजाने उचलायचा भार एकट्या मालकाच्या खतावणीत टाकला, म्हणून मालकाने तो झटकला.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४२ व्या अनुच्छेदाने न्याय्य व माणुसकीची कामाची परिस्थिती आणि प्रसूतीसाहाय्य यांची तरतूद करण्याचा निर्देश राज्यसंस्थेला दिला. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने बारा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवडे झाली आणि त्यांतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येऊ लागले. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यांतील एक तरतूद तर प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी अशी आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीचा जो एक महिना, त्यात बाईने मागणी केली तर मालकाला तिला जड किंवा तासन् तास उभे राहण्याचे काम देता येत नाही. कायद्याला बाईची कंबर आणि तिचे सुजलेले पाय माहीत आहेत, असा याचा अर्थ.

कायद्याला माहीत नाही ते तिचे कामाचे ठिकाण. सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच हे बंधन आहे, आणि तिथेही आधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केल्याचा पुरावा लागतो. भाईंदरच्या गाळ्यात कामगार आठ असतात, किंवा हजेरीपटावर आठ दाखवले जातात. मोलकरणीची आस्थापना म्हणजे पाच वेगवेगळ्या मजल्यांवरची पाच घरे. मणी ओवणारीचा मालक कोण हे तिलाच ठाऊक नसते. तिला माल आणून देणारा तेवढा ठाऊक असतो. मासळी विकणारी आपलीच मालकीण, म्हणजे तिने आपल्यालाच रजा द्यायची. असंघटित कामगारांसाठी आरोग्य आणि प्रसूतीच्या योजना आखाव्यात असे २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात म्हटले होते, नव्या संहितेतही ते आहे. सव्वीस आठवड्यांचा हक्क एकीकडे आणि योजना आखण्याचे आश्वासन दुसरीकडे, अशी श्रमिक स्त्रियांची ही सरळ वाटणी आहे.

मग या दुसऱ्या बाजूच्या बाईला काय मिळते? २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. २०१७ साली त्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आली तेव्हा पहिल्या अपत्यापुरते पाच हजार रुपये ठरले. पुढे २०२२ पासूनच्या नव्या रचनेत दुसरे अपत्य मुलगी असेल तरच सहा हजार देण्याचे ठरले. म्हणजे दुसऱ्या खेपेस बाईच्या पाठदुखीची दखल घ्यायची की नाही, हे बाळाच्या लिंगावर ठरणार! मुलींना प्रोत्साहन देण्याचा हेतू येथे सांगितला जातो. पण मुलगा पोटात असताना आईला कमी विश्रांती पुरते, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

आकड्यांचाही हिशेब करावा. पाच हजार रुपये सव्वीस आठवड्यांवर पसरले तर दिवसाला साडेसत्तावीस रुपये पडतात. केवळ प्रसूतीपूर्वीच्या आठ आठवड्यांवर पसरले तरी नव्वद रुपयेही भरत नाहीत. त्यातही पहिल्या अपत्यासाठीचे तीन हजार गरोदरपणाची नोंदणी आणि सुरुवातीची तपासणी झाल्यावर, आणि उरलेले दोन हजार बाळाच्या जन्माची नोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी झाल्यावर. आठव्या आणि नवव्या महिन्यासाठी, ज्या महिन्यांत तिने काम थांबवावे असे सारे डॉक्टर सांगतात, त्या महिन्यांसाठी म्हणून एकही हप्ता राखलेला नाही. योजना आखणाऱ्यांनी नोंदणीला पैसे दिले, लसीकरणाला पैसे दिले. विश्रांतीला पैसे द्यायचे ते विसरले. तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना आहे. तिच्यात दोन बाळंतपणांपर्यंत रोख चौदा हजार आणि पोषणाचे साहित्य चार हजारांचे, असे एकूण अठरा हजार रुपयांचे साहाय्य ठरले आहे. तेही पुरेसे नाही. पण एक राज्य सरकार इच्छा असेल तर काय करू शकते हे त्यातून दिसते. महाराष्ट्राची अर्थव्यवस्था तामिळनाडूपेक्षा लहान आहे, असे कोणी म्हणणार नाही.

या मागणीवर काही आक्षेप हमखास घेतले जातात. गरोदरपण म्हणजे आजार नव्हे, आमच्या आया नांगरटीच्या दिवशीही बांधावर बाळंत झाल्या, असे अभिमानाने सांगितले जाते. गरोदरपण आजार नाही हे खरे. चालणे-फिरणे, हलके काम करणे बाईला हितकारकच असते. पण आपल्या सोयीने चालणे आणि मालकाच्या घड्याळाप्रमाणे घमेले वाहणे यांत फरक आहे. बांधावर ज्या बाळंत झाल्या त्यांच्या कथा सांगायला त्यांची मुले उरली. ज्या उरल्या नाहीत, ज्यांची मुले उरली नाहीत, त्यांच्या कथा कोण सांगणार? दुसरा आक्षेप लोकसंख्येचा. दोनांपेक्षा अधिक मुले असलेल्या बाईला सवलत कशाला, असे शिकलेले लोकही विचारतात. तिसऱ्या खेपेची बाई बहुतेक वेळा सर्वांत गरीब आणि सर्वांत रक्तक्षयी असते. मूल किती व्हावे हे ठरवण्याची मुभा तिला घरात नसते. तिची रजा कापल्याने जन्मदर कमी होत नाही, आई आणि मूल अशक्त होते. मे २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही प्रसूती रजेचा विचार स्त्रीच्या प्रजननविषयक हक्कांचा भाग म्हणून केला आणि तिसऱ्या बाळंतपणाची तिची रजा मान्य केली.

तिसरा आक्षेप पैशाचा. त्याचे उत्तर आपल्याच देशात १९४८ पासून उभे आहे. राज्य कामगार विमा योजनेत मालक आणि कामगार दोघेही आपली वर्गणी निधीत भरतात आणि बाळंतपणाच्या रजेचा पगार त्या निधीतून मिळतो. कोणत्या मालकाकडे किती स्त्रिया बाळंत झाल्या यावर त्याची वर्गणी ठरत नाही, म्हणून बाई टाळण्याचे निमित्तही उरत नाही. हेच तत्त्व पुढे नेऊन सरकारच्या वाट्यासह असा निधी उभारावा, की जिच्या कामाला मालक सापडत नाही तिलाही त्यातून निदान किमान वेतनाच्या दराने सव्वीस आठवडे मिळावेत आणि त्यांतील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी हातात पडावेत. बाबासाहेबांच्या मांडणीतला जो अर्धा भाग १९२९ साली मागे राहिला, तो पूर्ण करण्याचा हा मार्ग आहे. उद्या जो कामगार, शेतकरी, शिपाई, डॉक्टर होणार आहे त्याला घडवण्याचे काम ही बाई करते. कारखान्यात भांडे घडवण्याची मजुरी मिळते. माणूस घडवणाऱ्या शेवटच्या दोन महिन्यांची मजुरी मागितली तर ती दया मागितल्यासारखी का वाटावी?

ही मागणी दिल्ली आणि मुंबईत करायची आहे, पण तोवर मीरा-भाईंदरमधल्या शाखेला हात बांधून बसण्याचे कारण नाही. महापालिकेच्या सफाई कामात आणि इतर सेवांत कंत्राटी व रोजंदारी स्त्रिया कुठे कुठे आहेत आणि त्यांना प्रसूती रजा प्रत्यक्ष मिळते काय, याची माहिती घ्यावी. दिल्ली महापालिकेच्या हजेरीपटावरील स्त्री कामगारांना प्रसूती लाभ मिळालाच पाहिजे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ८ मार्च २००० रोजी दिला आहे. तो निर्णय हातात घेऊन आयुक्तांकडे जाता येते. बांधकामावरील स्त्रीला कल्याणकारी मंडळाची नोंदणी मिळण्यासाठी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, आणि तो देताना ठेकेदार टाळाटाळ करतो. तिथे शाखेने मध्ये पडावे. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ पासून स्वतंत्र कायदा आहे. त्याखालची नोंदणी ही मोहीम करावी. गृहनिर्माण संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना भेटून कामवाल्या बायकांसाठी तळमजल्यावर स्वच्छ संडास आणि बसायला जागा मागावी. केरळात साडीच्या दुकानांतल्या बायकांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ साली राज्याला कायदा बदलावा लागला. स्टुलाची मागणी क्षुल्लक नसते.

आरोग्याच्या बाबतीतही काम आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, आणि सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे व रुग्णवाहिका मोफत आहेत, हे वस्तीत घरोघर सांगितले पाहिजे. नेहमीचा थकवा कोणता आणि धोक्याची खूण कोणती, हेही सांगितले पाहिजे. घोट्यांची सूज विश्रांतीने उतरते. पण चेहऱ्यावर व हातांवर सूज, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणे, झटके, बसल्या जागी धाप, किंवा बाळाचे हलणे कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. “या दिवसांत असे व्हायचेच” हे वाक्य अशा वेळी घातक ठरते. हे काम आशाताई करतात. पण ज्यांना सरकार स्वयंसेविका म्हणते आणि पगाराऐवजी मोबदला देते, त्यांच्या एकटीच्या खांद्यावर ते टाकून चालणार नाही.

आणि शेवटी एक गोष्ट स्वतःच्या घरातली. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनी मुंबईत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा स्वयंपाकघर हेही राजकारणाचे क्षेत्र आहे हे साऱ्या चळवळीने मान्य केले. पण मान्य करणे आणि आचरणे यांत अंतर राहिले. कार्यकर्त्याच्या घरी रात्री बैठक भरते, शोषणावर चर्चा होते, आणि आठव्या महिन्यातली त्याची बायको ओट्याशी उभी राहून तिसऱ्यांदा चहा टाकते. तिच्या पायांची सूज कोणी पाहत नाही. मालकाला जो कायदा लागू व्हावा असे त्याला वाटते, तो आपल्या घरात लागू करायला त्याला कोणत्याही सरकारची परवानगी लागत नाही. पहाटेचे पाणी त्याने भरावे, मोठ्या मुलाला त्याने आंघोळ घालावी, बैठकीचा चहा त्याने करावा. एवढे झाले तरी त्या घरापुरती दुपारची दोन तासांची झोप शक्य होईल.

बाकीच्या घरांसाठी मात्र लढावे लागेल. दवाखान्यातला डॉक्टर विश्रांतीचा सल्ला देतो तेव्हा त्याच कागदावर त्या विश्रांतीच्या मजुरीचाही आकडा असला पाहिजे, आणि तो पैसा बाईच्या हातात आठवा महिना लागताना पडला पाहिजे. तो दिवस येईपर्यंत भाईंदरची ती बाई मान डोलावील आणि कामावर जाईल. तिला पुन्हा सल्ला देण्याआधी तिला तो पाळता येईल अशी व्यवस्था उभी करणे, हे समाजवादी म्हणवणाऱ्यांचे काम आहे.